नेमुनासकाठचा हंगाम

लिथुआनियात अनोळखी माणसाकडे बघून कुणी हसत नाही. पाववाली हसत नाही, बसमधला शेजारी हसत नाही, जिन्यात रोज भेटणारी बाई नुसती मान हलवून बाजूला होते. आमच्या कोल्हापुरात पत्ता विचारला तर सांगणारा चार पावलं बरोबर चालतो, आणि तेवढ्यात कुठल्या गावचे, कुणाकडं आलाय, सगळं काढून घेतो. त्या सवयीमुळे कौनासमधले सुरुवातीचे दिवस मला जड गेले. २०१८ चा फेब्रुवारी होता. नेमुनास नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत चालले होते. पाच वाजले की अंधारून यायचं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस खांदे वर ओढून, खाली बघत चाललेला.

माझा भाचा तिथल्या तंत्रविद्यापीठात शिकत होता. मी शाळेतली क्रीडाशिक्षिका. नोकरीभर मुलींचे बास्केटबॉलचे संघ बांधले. निवृत्तीनंतर त्यानं बोलावलं तेव्हा लिथुआनियात बघण्यासारखं काय आहे, हे मी विचारलंच नाही. ज्या गावात आर्विदास साबोनिस जन्मला, ज्या गावाचा झाल्गिरिस हा संघ आहे, तिथं बास्केटबॉलवर जीव असलेल्या माणसानं जायला आणखी कारण कशाला लागतं? ‘मावशी, तू आधी सामना बघ, मग या लोकांबद्दल बोल,’ भाचा म्हणाला.

विल्नियस ते कौनास हा रस्ता शंभर किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना सपाट पांढरी शेतं, मधेच बर्चच्या झाडांची बारीक, उभी रांग, एखादं लाकडी घर आणि त्याच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. डोंगर कुठंच नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी आयुष्य गेलेल्या माझ्या नजरेला टेकायला काही मिळेना. कौनास आलं ते मात्र उतारावरून, दोन नद्यांच्या बेचक्यात. नेमुनास आणि नेरिस इथं मिळतात. संगमावर जुना किल्ला, जुनी चर्चं, आणि नदीच्या पात्रातल्याच बेटावर झाल्गिरिसचं प्रचंड अरेना. शहरात कुठूनही खाली उतरलात की ते दिसतं.

आम्ही राहत होतो ते घर वरच्या अंगाला, झालियाकाल्निस भागात. विल्नियस पोलंडकडे गेल्यामुळे १९२० ते १९४० कौनास ही देशाची तात्पुरती राजधानी होती, आणि त्या वीस वर्षांत या लोकांनी अख्खं शहर नव्यानं बांधून काढलं. गोलाई दिलेले कोपरे, लांबट खिडक्या, वळत वर जाणारे जिने. आमच्या इमारतीचा जिनाही तसाच, त्याचा ओकचा कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. शहरात उतरायला १९३१ पासून चालणारी दोरखंडाची छोटी रेल्वे आहे. लाकडी बाकं, एक चालक, दोन मिनिटांचा उतार. तरुण पोरं पायऱ्यांवरून पळत जातात. म्हाताऱ्या बायका मात्र पिशव्या मांडीवर घेऊन त्याच डब्यात बसतात, आणि मीही त्यांच्यातच बसू लागले.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी. पहिल्या भेटीला मी फुलं नेणार म्हटल्यावर भाच्यानं बजावलं, ‘विषम संख्येत घे, सम फुलं इथं मयताला नेतात.’ आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो तोच हिशेब इथं फुलांना लावलेला बघून मला या लोकांबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करायचं नाही, घरात शीळ घालायची नाही, शीळ ऐकून सैतान गोळा होतात. सैतानांचं तर या शहरात एक संग्रहालयच आहे. एका चित्रकारानं हौसेनं जमवलेल्या मूर्तींतून ते उभं राहिलं.

मालकीणबाईंनी त्या संध्याकाळी त्सेपेलिनाय वाढले. किसलेल्या कच्च्या बटाट्याचा मोठा, लांबट गोळा, आत खिमा, वर आंबट साय आणि तळलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. दोन खाल्ले की माणूस उठत नाही. तिखट नावाला नाही, मिरीसुद्धा लाजत घातलेली. पण बाहेर उणे दहा असताना तो गरम, जड घास पोटात उतरतो तेव्हा या अन्नामागचं शहाणपण कळतं. इथं जेवण अंग तापवायला असतं. जिभेचे चोचले नंतर. जेवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला आणि भाच्यानं भाषांतर केलं: तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात? ‘गार्ड’ म्हटल्यावर त्यांनी माझ्या उंचीकडे बघून पसंतीची मान हलवली.

सामन्याच्या दिवशी शहर बदलतं, पण ते हळूहळू. दुपारपासून लाइस्वेस आलेयावर हिरवे मफलर दिसायला लागतात. दीड किलोमीटरहून लांब, फक्त चालणाऱ्यांसाठी असलेला हा रस्ता, दोन्हीकडे लिंडेनची झाडं आणि टोकाला निळसर घुमटांचं चर्च. बाबागाडीतल्या पोराला हिरवी टोपी, काठी टेकत चाललेल्या आजोबांच्या गळ्यात हिरवा मफलर, नवरा-बायको दोघांचे हिरवे टी-शर्ट कोटाखालून डोकावणारे. घोषणा नाहीत, हॉर्न नाहीत. सगळे एकाच दिशेनं, पुलाकडे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा फुटबॉल सामना असतो तेव्हा कोल्हापूर सकाळपासूनच कळवून टाकतं की आज काय आहे. इथं पंधरा हजार माणसं नदी ओलांडून गेली आणि पलीकडच्या गल्लीत कुणाला कळलंही नसेल.

आत गेल्यावर आधी कोट काढून द्यायचे. नाट्यगृह असो की उपाहारगृह, कोट अंगावर घेऊन बसणं इथं असभ्यपणाचं. मग सगळेजण तळलेल्या काळ्या पावाचा कागदी द्रोण घेतात. राईचा आंबूस, दाट पाव बोटाएवढा लांब कापून तेलात तळलेला, त्यावर कच्ची लसूण घासलेली आणि वरून चीज. ती लसूण मला घरच्या ठेच्यापर्यंत घेऊन गेली.

आणि मग दिवे गेले. ढोल वाजायला लागले, आणि त्या न हसणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसांच्या छातीतून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात कुठल्याही बंदिस्त जागेत ऐकलेला नाही. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई होत्या, बँकेत किंवा कचेरीत असाव्यात, नीट बांधलेले केस, मोत्यांची कुडी. त्या उभ्या राहून, मुठी आवळून, मानेच्या शिरा ताणून ओरडत होत्या. पण आपला खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की तेच पंधरा हजार एकदम गप्प व्हायचे. चेंडू जमिनीवर टपटपल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत यायचा. खेळ कधी ऐकायचा आणि कधी गाजवायचा हे या लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं.

मी माझ्या सवयीनं पायांकडे बघत होते. झाल्गिरिसचा केव्हिन पँगोस, कॅनडाचा पोरगा, सहा फुटांच्या आसपासचा, म्हणजे या खेळात बुटकाच. ब्रँडन डेव्हिस हा अमेरिकन सेंटर वर येऊन त्याच्यासाठी आड लावतो, पँगोस त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो, आणि बचाव करणारे दोघे त्याच्यावर धावले की क्षणभर थांबतो. फक्त एक टप्पा. त्या एका टप्प्यात डेव्हिस बास्केटकडे वळलेला असतो, आणि चेंडू जमिनीला एकदा टेकून बरोबर त्याच्या हातात जातो. हीच एक गोष्ट मी शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षं घोकून घेतली. घाई करू नकोस, थांब, त्याला वळू दे. ती इतक्या शुद्ध रूपात समोर बघताना माझे डोळे भरून आले.

युरोपातल्या क्लबांची स्पर्धा म्हणजे युरोलीग. तिचा तो हंगाम सोळा संघांचा होता. प्रत्येकाशी दोनदा, एकूण तीस सामने, मग पहिल्या आठांची बाद फेरी आणि चौघांची अंतिम स्पर्धा. माद्रिद, मॉस्को, इस्तंबूल, बार्सिलोना इथले क्लब पैशानं गब्बर. त्यांच्यासमोर झाल्गिरिसची तिजोरी लहान. मोठ्या क्लबांनी न घेतलेले, किंवा घेऊन बाकावर बसवलेले खेळाडू इथं येतात, घडतात आणि मग महाग होऊन जातात. सर्बियाचा वासिलिये मिचिच तसाच आलेला. फ्रान्सचा अ‍ॅक्सेल तुपान, अमेरिकेचा आरन व्हाइट. या सगळ्यांना धरून ठेवणारा खांब म्हणजे पाउलियुस यान्कूनास, कौनासमध्येच जन्मलेला कप्तान, बहुतेक सगळी कारकीर्द याच एका क्लबात काढलेला.

आणि प्रशिक्षक शारूनास यासिकेविचियुस. सगळं शहर त्याला शारास म्हणतं. खेळाडू म्हणून तीन वेगवेगळ्या क्लबांकडून चारदा युरोलीग जिंकलेला हा माणूस, तेव्हा २०१६ च्या जानेवारीपासून झाल्गिरिसचा मुख्य प्रशिक्षक होता. सामन्यात त्याच्याकडे बघवत नाही इतका तो तळमळतो. चेहरा लालबुंद, शर्ट पँटबाहेर आलेला, चुकलेल्या खेळाडूच्या अगदी नाकाशी जाऊन ओरडणं, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच पोराच्या मानेवर हात ठेवून कानात काहीतरी सांगणं. २०१७ च्या वसंतात त्याची एक पत्रकार परिषद जगभर पाहिली गेली होती. त्याचा एक खेळाडू बाळाच्या जन्मासाठी उपांत्य फेरीचा सामना सोडून गेला होता. हे योग्य का, असं एका तरुण पत्रकारानं विचारलं. शारासनं उलट त्यालाच विचारलं, तुला मुलं आहेत का, आणि मग शांतपणे समजावलं की पहिलं मूल हातात आलं की कळेल, त्यापुढे कुठलंही विजेतेपद काहीच नाही. आपल्याकडे बाळंतपणाला घरी जाऊ देणारे किती प्रशिक्षक मी पाहिलेत? आम्ही तर आजारी पोरींनाही मैदानात उतरवल्याच्या गोष्टी अभिमानानं सांगतो.

मालकीणबाई सामन्याला येत नसत, टीव्हीवर बघत. त्या बोलल्या ते एका रविवारी, मला जुना क्रीडा हॉल दाखवायला नेलं तेव्हा. शेकडो वर्षांच्या ओकवृक्षांचं एक मोठं उपवन आहे, त्याच्या कडेला ही इमारत. १९३७ साली लिथुआनियानं रीगामध्ये युरोपचं विजेतेपद जिंकलं, म्हणून पुढची स्पर्धा कौनासला आली, आणि ती भरवायला जागाच नव्हती. तेव्हा खास बास्केटबॉलसाठी हा हॉल उभारला. १९३९ च्या मे महिन्यात तिथं लातव्हियाविरुद्धचा सामना ३७-३६ असा एका गुणानं जिंकला. संघात लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, आईबापांच्या देशासाठी खेळायला आलेला प्रानास लुबिनास होता. अजिंक्यपद पुन्हा लिथुआनियालाच मिळालं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे आले आणि देश नकाशावरून पुसला गेला.

झाल्गिरिस क्लबची स्थापना १९४४ ची. नाव १४१० सालच्या लढाईचं. त्या लढाईत लिथुआनिया आणि पोलंडच्या फौजांनी ट्यूटॉनिक सरदारांना हरवलं होतं. हरलेले जर्मन होते, म्हणून मॉस्कोलाही ते नाव चालून गेलं. बाईंचं तारुण्य या हॉलच्या दगडी पायऱ्यांवर गेलेलं. १९८५, ८६, ८७ अशी लागोपाठ तीन वर्षं झाल्गिरिसनं सोव्हिएत अजिंक्यपद जिंकलं, आणि तिन्ही वेळा अंतिम फेरीत समोर मॉस्कोचा लष्करी क्लब, सेस्का. ‘तेव्हा तिरंगा काढला असता तर तुरुंग होता,’ बाई म्हणाल्या. त्यांचा तिरंगा म्हणजे पिवळा, हिरवा, तांबडा. ‘पण हिरवा मफलर गुंडाळायला कोण मनाई करणार?’ परतताना त्या लाइस्वेस आलेयावरच्या नाट्यगृहासमोरच्या बागेपाशी थांबल्या. १९७२ च्या मे महिन्यात रोमास कालांता नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं स्वातंत्र्यासाठी इथं स्वतःला पेटवून घेतलं. जमिनीत बसवलेल्या दगडांच्या ओळींचं स्मारक आहे. बाईंनी हातमोजा काढला, एका दगडावरचं बर्फ झटकलं आणि पुन्हा चालायला लागल्या. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्याच सुमाराला रुमशिश्केसला उझगावेनेस पाहिला. रुमशिश्केस म्हणजे लाकडी खेड्यांचं मोकळ्यावरचं संग्रहालय. ठिकठिकाणची जुनी घरं उचलून आणून पुन्हा वसवलेली. उझगावेनेस हा थंडी घालवायचा सण. बोकडांचे, भुतांचे, भिकाऱ्यांचे मुखवटे घालून माणसं दारोदार हिंडतात, घावनासारखे ब्लिनाय खातात, लठ्ठ लाशिनिनिस आणि काटकुळा कानापिनिस यांची कुस्ती होते आणि काटकुळाच जिंकतो. शेवटी मोरे नावाची मोठी बाहुली जाळतात. पेटत्या बाहुलीभोवती ओरडणारी पोरं बघून मला आमच्या पेठेतली होळी दिसली, फक्त बोंब मारायची राहिली होती. एका सैतानाच्या शिंगांना झाल्गिरिसचा मफलर बांधलेला होता. मग तीन-चार दिवसांनी १६ फेब्रुवारी, स्वातंत्र्याच्या घोषणेची शताब्दी. युद्ध संग्रहालयासमोरच्या बागेत, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी, माणसं गोठत उभी राहिली आणि एका सुरात राष्ट्रगीत म्हणाली. भाषण संपल्यावर गर्दीतून शेजारच्या आजोबांनी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो पुढच्या सामन्याचा.

मार्चमध्ये एकदा प्रिएनायला गेलो. कौनासच्या दक्षिणेला, पाइनच्या जंगलातून जाणारा रस्ता, नेमुनासचं मोठं वळण आणि एक छोटंसं गाव. त्या हिवाळ्यात सगळ्या जगाचे कॅमेरे या गावात येऊन पडले होते, कारण अमेरिकेतल्या बॉल कुटुंबातली दोन मुलं तिथल्या वितौतास संघात खेळायला आली होती. लियांजेलो एकोणीसचा, लामेलो सोळाचा. वडिलांनी सगळं ठरवलेलं. छोट्या हॉलमध्ये गावच्या बायका कॉफी विकत होत्या. पोरं फोन उंच धरून उभी. लामेलो अर्ध्या मैदानाजवळून चेंडू फेकायचा, आणि तो हातातून सुटतानाच दिसायचं की या मुलाचे हात वेगळे आहेत. पण बचावाला तो मागं राहायचा. त्याच्याभोवतीचे तीस-तीस वर्षांचे लिथुआनियन गडी घामाघूम होऊन त्याची जागा भरून काढायचे, आणि कुणी त्याला दटावत नव्हतं. मी शिक्षिका, त्यामुळे मला चेंडूपेक्षा टाइमआउटमध्ये एका बाजूला बसलेला तो मुलगाच जास्त दिसला. परभाषा, परकं अन्न, सोळा वर्षांचं वय. हंगाम संपण्याआधी, एप्रिलमध्ये, वडील दोघांना घेऊन परत गेले. पुढं २०२० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये लामेलो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. प्रिएनायच्या संघानं आपला उरलेला हंगाम आपल्याच माणसांनिशी खेळून संपवला.

त्या प्रवासात मनात घोळत राहिलं ते हे की हंगाम ही गोष्ट फार थोड्यांना कळते. आपल्याला अजिंक्यपदं कळतात, विक्रम कळतात. पण ऑक्टोबरमध्ये जमलेली बारा-पंधरा माणसं, ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही, ती जानेवारीपर्यंत एकमेकांचे पाय ओळखायला लागतात, आणि जूनमध्ये पांगतात. तोच संघ पुन्हा कधीच भरत नाही. माझ्या प्रत्येक संघाच्या दहावीच्या मुली जूनमध्ये जायच्या आणि मी नवीन पोरींना पुन्हा पहिल्यापासून पाय टाकायला शिकवायचे. मला ते फार लागायचं. कौनासच्या माणसांना हे आधीपासून माहीत आहे. पँगोस चांगला खेळला की ते टाळ्या वाजवतात, आणि शेजाऱ्याला सांगतात, हा जाणार बरं का. तरी हात आखडता घेत नाहीत. सोडून जाणाऱ्यावर पूर्ण जीव लावायचं त्यांना जमतं.

मधे घरच्या लग्नासाठी कोल्हापूरला गेले आणि एप्रिलमध्ये परत आले, तर शहर ओळखू येईना. लिंडेनला पालवी, शेतांमध्ये खांबांवरच्या घरट्यांत करकोचे आलेले, उपाहारगृहांनी टेबलं रस्त्यावर मांडलेली. सगळ्यांच्या पुढ्यात शाल्तिबार्श्चेय, म्हणजे ताकात बीट, काकडी आणि शेपू घालून केलेलं थंड, गडद गुलाबी सार, बरोबर वेगळ्या बशीत गरम बटाटे. ही चव मला पहिल्या घासालाच कळली. ताक आणि बीट, यात परकं काय आहे?

झाल्गिरिसनं तीसपैकी अठरा सामने जिंकून सहावा क्रमांक पटकावला होता. बाद फेरीत ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, ज्याच्या घरच्या मैदानावर जिंकणं महाकठीण. पहिलाच सामना झाल्गिरिसनं पायरियसमध्ये जादा वेळेत जिंकला. दुसरा गेला. तिसरा कौनासला ८०-६०. चौथ्याला मी अरेनात होते. १०१-९१. शेवटचा भोंगा वाजला आणि १९९९ नंतर पहिल्यांदा झाल्गिरिस अंतिम चौघांत गेला. त्या वर्षी म्युनिकमध्ये त्यांनी बोलोन्याला हरवून चषकच आणला होता. लोक रडत होते, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते, मोत्यांच्या कुडीवाल्या बाईंसारखी कुणीतरी माझे दोन्ही हात धरून काहीतरी सांगत होती. मग सगळे कोट घ्यायला रांगेत उभे राहिले. गुलाल नाही, फटाके नाहीत, ढकलाढकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात ती मान हलवणारी बाई भेटली. थांबली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, ‘एकशे एक.’ आमच्यातलं पहिलं बोलणं ते.

अंतिम चौघांची स्पर्धा मे महिन्यात बेलग्रेडला होती. भाच्यानं आणि मी जायचं ठरवलं. कौनासहून निघालेल्या माणसाला बेलग्रेड म्हणजे उन्हात आल्यासारखं. हेही दोन नद्यांच्या संगमावरचं शहर, सावा आणि डॅन्यूब, वर कालेमेग्दानचा किल्ला. पण इथली माणसं मोठ्यानं बोलतात, खांद्यावर हात टाकतात, रस्त्यात उभी राहून भांडतात आणि लगेच कॉफी पितात. ताटात कोळशावर भाजलेले चेवापी, भाजलेल्या तांबड्या मिरच्यांचं आयवार, चिरलेला कांदा. कितीतरी दिवसांनी माझ्या जिभेला घर सापडलं. क्नेझ मिखाइलोवा रस्त्यावर हिरवे मफलर शेकड्यांनी फिरत होते आणि सर्बियन लोक त्यांना थांबवून थांबवून विचारत होते, मिचिचचं कसं चाललंय? कारण मिचिच त्यांचा, आणि उपांत्य सामन्यात समोर असलेल्या इस्तंबूलच्या फेनरबाचेचा प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच तर त्यांचा देवच. पानाथिनायकोस क्लबात शारासला ओब्रादोविचनंच खेळवलं होतं. उपांत्य सामना गुरू आणि शिष्याचा होता. गुरू जिंकला, ७६-६७.

त्या रात्री हिरवी माणसं फार शांत होती. दुसऱ्या उपांत्य सामन्यात रियाल माद्रिदनं सेस्काला हरवलं. साखळी फेरीच्या तक्त्यात पहिला असलेला मॉस्कोचा संघ, आणि आता त्याची तिसऱ्या जागेसाठी गाठ झाल्गिरिसशी.

तिसऱ्या जागेच्या सामन्याला युरोपात फारशी किंमत देत नाहीत. हरलेले दोन संघ, थकलेले खेळाडू, अर्ध्या रिकाम्या रांगा, सगळ्यांचं लक्ष पुढच्या सामन्याकडे. त्या रविवारीही तेच होतं. फक्त एक कोपरा भरलेला होता, काठोकाठ हिरवा, आणि तो पहिल्या मिनिटापासून उभा होता. माझ्या पुढच्या रांगेत पन्नाशीचा एक माणूस दहा-बारा वर्षांच्या मुलीला उचलून धरून होता. तिला दिसत होतं तरी उचलून धरून होता. त्याचा मफलर जुना, लोकरीचा, घरी विणलेला, हिरवा रंग विटून राखाडी झालेला. तो कुठल्या सालचा असेल याचा अंदाज मला मालकीणबाईंमुळे बांधता आला. सेस्कातल्या कुणाच्या अंगावर आता लष्करी गणवेश नव्हता, त्यात अमेरिकन होते, स्पॅनिश होते, कुणालाही १९८५ शी देणंघेणं नव्हतं. पण या कोपऱ्याला होतं. शेवटच्या मिनिटांत फरक एक-दोन गुणांचा, शारास नेहमीसारखा मैदानाच्या रेषेवर वाकलेला, पँगोस अजून तो एक टप्पा थांबतोय, आणि ७९-७७. झाल्गिरिस तिसरा.

भाच्याचा फोन लगेच वाजला. मालकीणबाई. त्यांनी निकाल टीव्हीवर पाहिलेलाच होता, तरी त्याच्याकडून आकडे दोनदा वदवून घेतले.

रात्री सावाच्या काठावरच्या एका खानावळीत आम्ही दहा-बाराजण एका लांब टेबलाला बसलो, निम्मे अनोळखी. पलीकडे टीव्हीवर माद्रिदचा एकोणीस वर्षांचा लुका दोनचिच चषक उंचावत होता. आमच्या टेबलावर त्याचं कुणाला काही नव्हतं. पँगोसला बार्सिलोना नेणार, यावर सगळ्यांचं एकमत, आणि त्या उन्हाळ्यात तसंच झालं. डेव्हिस राहील का? यान्कूनास अजून किती वर्षं? लसणीचा तळलेला पाव इथं मिळत नाही म्हणून एकाची कुरकुर, ऑक्टोबरची तिकिटं कधी सुटणार यावर दोघांचा वाद. वाढायला आलेल्या वेटरनं मिचिचचं नाव ऐकलं आणि ताटं हातात तशीच धरून तो आमच्यात शिरला. मिचिचनं आता आपल्या देशात येऊन खेळावं, असं त्याचं म्हणणं. लिथुआनियन भाषा त्याला येत नव्हती, सर्बियन त्यांना येत नव्हती. सगळं टेबल एकदम उठून त्याच्याशी भांडायला लागलं, आणि चेवापी गार होईपर्यंत ते भांडण काही मिटलं नाही.